आधी माल बांधा, मग जहाज

माझे वडील गोव्यात बार्जवर, म्हणजे खाणीचं खनिज नदीतून जहाजापर्यंत नेणाऱ्या बोटीवर, इंजिन ड्रायव्हर होते. खाणी जोरात चालत होत्या त्या काळात, शाळेच्या सुट्टीत, ते मला एकदा मुरगाव बंदराच्या बाहेर नांगरावर, म्हणजे मोठी जहाजं नांगर टाकून उभी असतात तिथे, घेऊन गेले. आमची बार्ज मोठ्या जहाजाच्या कुशीला लागली तेव्हा मला ते जहाज वाटलंच नाही. समुद्रातून वर आलेली काळी भिंत वाटली. परत फिरताना वडिलांनी जहाजाच्या मागच्या अंगाला बोट दाखवलं. तिथे जहाजाचं नाव असतं आणि नावाखाली एका बंदराचं नाव असतं, जहाजाची नोंदणी जिथे झाली त्या बंदराचं. त्या दिवशी तिथे ‘मोनरोव्हिया’ लिहिलेलं होतं. हे कुठे आलं, असं मी विचारलं. आफ्रिकेत, लायबेरियात, ते म्हणाले. मग वरची माणसंही आफ्रिकेतली का? तेव्हा ते म्हणाले, “वरचा बोसन, खलाशांचा मुकादम, आपल्या बाणावलीचा आहे. आमचे मनीस, बावटो मात पनामाचो नाहीतर लायबेरियाचो.”

त्यानंतर सड्यावरून, फेरीबोटीतून, जेटीवरून मी अनेक वर्षं जहाजांची पाठ वाचत आलो. पनामा, माजुरो, मोनरोव्हिया, हाँगकाँग. ‘मुंबई’ क्वचित दिसायचं. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. आमोणे, उसगाव, कुडचडे इथल्या जेटींवरून मांडवी-झुआरीतून रोज बार्जींची रांग लागायची. एवढा माल ज्या राज्यातून निघाला, त्या राज्याच्या बंदरात आपल्या देशाचा बावटा एवढा दुर्मीळ का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. आता केंद्र सरकार जहाजांसाठी हजारो कोटी काढतंय, तर तो प्रश्न विचारायला हवा. पैसा योग्य जागी पडणार की नाही ते त्याच्या उत्तरावर ठरणार आहे.

आधी आकडे. १९८७-८८ मध्ये भारताच्या परदेशी व्यापारातला ४०.७ टक्के माल भारतीय जहाजांतून जायचा. २०१८-१९ मध्ये हा वाटा ७.८ टक्क्यांवर आला. जगाच्या जहाजांच्या एकूण क्षमतेत भारतीय ताफा जेमतेम १.२ टक्के. त्याच वेळी जगातल्या दहा खलाशी-अधिकाऱ्यांमागे निदान एक भारतीय आहे. परदेशी जहाज कंपन्यांना आपण वर्षाला सुमारे सहा लाख कोटी रुपये भाडं मोजतो, असं पंतप्रधानांनी सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरला सांगितलं. त्यानंतर चारच दिवसांनी मंत्रिमंडळाने ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर केलं. त्यातले २४,७३६ कोटी जहाजबांधणीच्या अर्थसाहाय्याला, २५,००० कोटी सागरी विकास निधीला, १९,९८९ कोटी यार्डांची क्षमता वाढवायला. अर्थसाहाय्याची मुदत ३१ मार्च २०३६ पर्यंत.

एवढी मोठी रक्कम आणि एवढी लांबची मुदत याआधी या धंद्याने पाहिलेली नाही. मला या पैशाचं स्वागतच करायचं आहे. पण यातला जवळजवळ सगळा पैसा जहाज बांधण्यासाठी आणि विकत घेण्यासाठी आहे. त्या जहाजात माल कुठून येणार, याची सोय त्या मानाने फार थोडी आहे. माझा आक्षेप तेवढाच आहे, पण तो मुळावरचा आहे.

आमचं खनिज बहुतेक ‘एफओबी’ पद्धतीने विकलं जायचं. म्हणजे माल जहाजात चढला की विकणाऱ्याची जबाबदारी संपली. जहाज कुणाचं, कोणत्या बावट्याचं, किती भाड्याचं, हे खरेदीदार ठरवणार. जपानी किंवा चिनी पोलाद कारखाना आपल्या ओळखीच्या मालकाचं जहाज पाठवायचा आणि आम्ही ते भरून द्यायचो. आज मुरगावात कोळसा उतरतो. (त्या कोळशावरून गोव्यात जो झगडा चालला आहे त्यात मी विरोधकांच्या बाजूचा आहे, पण तो वेगळा विषय.) देशात असा माल आणणारे खासगी कारखाने बहुधा भाडं आणि विमा धरून पोचता दर ठरवतात. तिथे जहाज विकणारा ठरवतो. म्हणजे विकताना गिऱ्हाइकाचं जहाज आणि घेताना दुकानदाराचं. आपल्या जहाजाला मधे जागाच नाही. सरकारी कंपन्यांनी आयात एफओबीवर घ्यावी आणि जहाज भारतीय पाहावं असं धोरण जुनं आहे, त्यासाठी ‘ट्रान्सचार्ट’ नावाची व्यवस्थाही १९५७ पासून आहे. पण खासगी व्यापाराला ते धोरण लागू नाही, आणि आज बहुतांश माल खासगी आहे.

ज्याच्या हातात माल त्याच्या हातात जहाज. हे आपल्याकडे सर्वांत आधी कळलं ते वालचंद हिराचंद यांना. सोलापूरच्या या माणसाने भागीदारांसह १९१९ मध्ये सिंदिया कंपनी काढली आणि त्याच वर्षी ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. आपण त्या तारखेला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. पण जहाज होतं म्हणून सिंदियाचं भागलं नाही. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडले. वर्षभर फक्त आमच्याच जहाजातून माल पाठवाल तर भाड्याचा काही भाग नंतर परत देऊ, अशी सवलत त्या व्यापाऱ्यांना देत. मधेच एखादी खेप सिंदियाला दिली की मागची सगळी सवलत बुडाली. कोण देणार मग? वरून ब्रिटिश कंपन्यांना टपाल वाहण्याचे सरकारी करार होतेच. म्हणजे तेव्हाचं अनुदान जहाज बांधायला कमी आणि कामाच्या रूपाने जास्त मिळत होतं. शेवटी १९२३ च्या कराराने सिंदियाला किनारपट्टीच्या धंद्यापुरतं बांधून घातलं गेलं. किनारी वाहतूक भारतीय जहाजांना राखून ठेवा, म्हणजे मालाची हमी द्या, यासाठी १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सदस्य एस. एन. हाजी यांनी विधेयक आणलं. ते पार पडलं नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण उलट्या टोकाने सुरुवात केली. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने जहाज विकास निधी उभा राहिला आणि त्यातून मालकांना कमी व्याजाची लांब मुदतीची कर्जं मिळाली. ताफा वाढला, हे नाकारता येत नाही. वर सांगितलेले ४०.७ टक्के त्याच काळाचं फळ. पण ऐंशीच्या दशकात जगभर भाडी कोसळली, मालकांचे हप्ते थकले, आणि १९८६ च्या कायद्याने तो निधीच गुंडाळला गेला. बाजारभावाच्या रोजच्या भाड्यावर जगणारं जहाज मंदीत आधी बुडतं. ज्याच्याकडे दहा वर्षांचा मालाचा करार आहे ते मंदीतही हप्ता भरतं.

जपानचं उदाहरण यासाठीच महत्त्वाचं. युद्धात त्यांचा व्यापारी ताफा जवळजवळ संपला होता. १९४७ पासून त्यांनी ‘नियोजित जहाजबांधणी’ सुरू केली. सरकार स्वस्त कर्ज द्यायचं, पण ते एकट्या जहाजमालकाकडे पाहून नाही. पोलाद कारखाने आणि तेल कंपन्या जहाजमालकांशी लांब मुदतीचे वाहतूक करार करायच्या. त्या करारांचे कागद घेऊन मालक बँकेत जायचा आणि यार्डाला ऑर्डर द्यायचा. पन्नासच्या दशकापासून गोव्याचं खनिज जपानला जाऊ लागलं. त्यांच्या कारखान्यांना लागणाऱ्या मालावर त्यांचे करार झाले आणि करारांवर त्यांची जहाजं उभी राहिली. खनिज आमचं, आणि त्यावर ताफा बांधला गेला तो योकोहामा-कोबेच्या मालकांचा. मला हे वाचलं तेव्हा वडिलांच्या बार्जची आठवण झाली. तोच माल तेच हात वाहत होते, फक्त नांगरापर्यंत.

अमेरिकेने दुसरा रस्ता धरला. तिथल्या १९३६ च्या कायद्याने अमेरिकी यार्डातली किंमत आणि परदेशी यार्डातली किंमत यातला फरक सरकार भरून देऊ लागलं, खलाशांच्या पगारातला फरकही. फरक सरकार भरतंय म्हटल्यावर तो कमी करायची घाई कुणाला? १९८१ मध्ये बांधणीचं अनुदान थांबलं तेव्हा त्यांची समुद्रगामी व्यापारी जहाजबांधणी उभीच राहू शकली नाही. किनारी वाहतुकीला तिथे आजही देशी बांधणीचीच सक्ती आहे, आणि तिथे बांधलेलं जहाज आशियातल्या जहाजापेक्षा कित्येक पट महाग पडतं.

कुणी म्हणेल, ग्रीसचं काय? त्यांच्याकडे ना खनिज ना तेल, तरी जगात सर्वांत मोठा ताफा ग्रीक मालकांचा. बरोबर आहे. पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या जहाज घेण्या-विकण्याचं शहाणपण घराघरांत मुरलेलं आहे, कर नफ्यावर नसून टनेजवर, म्हणजे जहाजाच्या आकारमानावर, आहे, आणि मंदीत जहाज घेऊन तेजीत विकायची छाती आहे. हे अनुदानाने आणता येत नाही. आपल्याकडे ते नाही, पण माल मात्र मुबलक आहे. जे आपल्याकडे आहे त्यावरच उभारणी करावी लागते.

आता गोव्याची गोष्ट, कारण ती मी जवळून पाहिली. ऑक्टोबर २००२ मध्ये केंद्राने खासगी यार्डांनाही ३० टक्के जहाजबांधणी अनुदान लागू केलं. त्या पाच वर्षांत झुआरी-मांडवीच्या काठावरची यार्डं अशी गजबजली की लोटलीपासून कुठ्ठाळीपर्यंत रात्री वेल्डिंगच्या ठिणग्या दिसायच्या. ज्या यार्डांनी बार्जींपलीकडे काही बांधलं नव्हतं ती युरोपसाठी मालवाहू जहाजं बांधू लागली. माझा मावसभाऊ तिथे वेल्डर म्हणून लागला. पहिल्या वर्षी त्याचा वेल्ड एक्स-रेमध्ये दोनदा नापास झाला. युरोपचं जहाज म्हणजे प्रत्येक जोड तपासायला वर्गीकरण संस्थेचा, म्हणजे जहाजाचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचा, सर्व्हेयर येणार. तिसऱ्या वर्षी तोच भाऊ नव्या पोरांना शिकवत होता. डोक्यावरचा, म्हणजे ओव्हरहेड वेल्ड करताना श्वास कसा धरायचा, इलेक्ट्रोड आदल्या रात्री भट्टीत का ठेवायचा, ओला इलेक्ट्रोड जोडात बुडबुडा कसा सोडतो. कौशल्य असं, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाऊन तयार होतं.

१४ ऑगस्ट २००७ ला योजनेची मुदत संपली. नव्या ऑर्डरींना अनुदान नाही. वर्षभरात जागतिक मंदी आली. नवी योजना आली ती २०१६ मध्ये, २० टक्क्यांपासून सुरू होऊन दर तीन वर्षांनी तीन टक्के कमी होत जाणारी. मधली जवळजवळ नऊ वर्षं काहीच नव्हतं. देशातली एबीजी आणि भारती ही दोन मोठी खासगी नावं पुढे दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात गेली. एका योजनेमुळेच ती बुडाली असं मी म्हणत नाही. कर्जाचा डोंगर आणि मंदी ही कारणं होतीच. पण माझ्या भावाचं यार्ड थंड पडलं तेव्हा तो अबुधाबीला गेला आणि त्याने शिकवलेल्यांपैकी निम्मे त्याच्यामागे गेले. पाच वर्षांत तयार झालेला हात दोन वर्षांत दुसऱ्याच्या यार्डात. मधेच तोडलेलं अनुदान न दिलेल्या अनुदानापेक्षा वाईट, कारण त्याच्या भरवशावर लोकांनी कर्जं काढलेली असतात आणि पोरांनी दुसरी वाट सोडलेली असते. म्हणून २०३६ पर्यंतची मुदत मला त्या २४,७३६ कोटींपेक्षा मोलाची वाटते. ती पाळली जावी.

माल थांबला की काय होतं, तेही इथे दिसलं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे थोड्या चालू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीज रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. खाणींनी जे डोंगर आणि शेतं खाल्ली त्याबद्दल न्यायालय बोललं ते योग्यच होतं. मी इथे फक्त बार्जींचं सांगतो. राज्य सरकारने ट्रक आणि बार्जमालकांना अर्थसाहाय्याच्या योजना आणल्या. घरं काही काळ चालली, बार्जी चालल्या नाहीत. खारफुटीच्या कडेला चिखलात टेकलेल्या बार्जी मी महिनोन्‌महिने पाहिल्या. भरतीला उचलल्या जायच्या, ओहोटीला परत बसायच्या. पत्र्याला तांबेऱ्याचे पापुद्रे, सुकाणूघराच्या खिडकीत कावळ्याचं घरटं. मग एके दिवशी गॅस कटर घेऊन लोक आले आणि किलोच्या भावाने भंगार निघालं. त्या बार्जींना पैसा मिळाला होता, काम मिळालं नव्हतं.

ताफा मोठा दिसावा म्हणून जुनी जहाजं गोळा करणं तर आणखी धोक्याचं. जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर ‘रिव्हर प्रिन्सेस’ रुतली. खनिजाच्या कामावरचं ते जहाज दशकाहून जास्त काळ तिथेच सडत पडलं, वाळूचा किनारा त्याच्याभोवती कापला गेला. नोंदवहीत टनेज म्हणून तेही मोजलं गेलं होतं. २०२१ मध्ये केंद्राने सरकारी निविदांत भारतीय जहाजांना १,६२४ कोटींचं साहाय्य देणारी योजना आणली, तिच्यात नवं जहाज असेल तर जास्त टक्केवारी आणि जुनं असेल तर कमी, अशी अट होती. ही अट मला पटली. ती योजना मालाशी बांधलेली होती, हेही पटलं. तिची रक्कम पाहा आणि आताच्या पॅकेजची पाहा. मालाशी बांधलेल्या योजनेत सोळाशे कोटी, जहाजाशी बांधलेल्या पॅकेजमध्ये सत्तर हजार कोटींच्या जवळ.

इथे एक प्रामाणिक विरोधी मत आहे आणि ते टाळून चालणार नाही. भाडं जागतिक बाजारात स्वस्त मिळतंय तर आपलं जहाज कशाला? शेतकरी गावातला ट्रॅक्टर भाड्याने घेतो, प्रत्येकजण विकत घेत नाही. शिवाय ते सहा लाख कोटी पूर्ण वाचणार नाहीत. आपलं जहाज असलं तरी इंधन, परदेशी बंदरांचा खर्च, जहाजाच्या कर्जाचे डॉलरमधले हप्ते जायचेच. हे सगळं खरं आहे, म्हणून सगळा व्यापार आपल्याच जहाजातून व्हावा असा माझा आग्रह नाही. पण पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर मिळत नाही, तेव्हा हे गणित बदलतं. शांघायमधून निघणाऱ्या कंटेनरच्या भाड्याचा निर्देशांक २०२० च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास होता, जानेवारी २०२२ मध्ये पाच हजारांवर गेला. वेर्ण्यातल्या कारखान्यांत निर्यात पाहणारे माझे दोन मित्र त्या दिवसांत भाड्याबद्दल बोलतच नव्हते, रिकामा कंटेनर कधी मिळेल एवढंच विचारत होते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि कुणाची खेप आधी, कुणाची नंतर, हे परदेशी कंपन्यांनी ठरवलं. आपली काही जहाजं असती तर जगाचे दर पडले असते असं नाही. पण तेल, गॅस आणि खत या तीन गोष्टींसाठी तरी सरकार हुकूम देऊ शकेल अशी जहाजं हवीत. ताफ्याचा आकार जगाच्या किती टक्के, हा प्रश्न चुकीचा आहे. अडचणीच्या तीन महिन्यांत घरातली चूल पेटती ठेवायला किती जहाजं लागतील, त्यावरून आकार ठरवा.

आणि ती जहाजं कशी उभी करायची, ते अवघड नाही. सरकारी तेल कंपन्या आणि खत कंपन्या दहा-पंधरा वर्षांचे वाहतूक करार भारतीय बावट्याच्या जहाजांशी करू शकतात. मोठ्या जहाजांना पायाभूत सुविधेचा दर्जा २०२५ मध्ये मिळाला, त्यामुळे बँकांकडून लांब मुदतीचं कर्ज मिळण्याची वाट उघडली. असा करार हातात असेल तर बँक विचार करेल. सरकारने मग फक्त इथल्या आणि बाहेरच्या व्याजातला फरक भरावा, तोही दरवर्षी जहाजाने खरोखर किती माल वाहिला ते पाहून. या दिशेने काही पावलं पडू लागली आहेत. त्यांचा वेग मात्र यार्डांच्या भूमिपूजनापेक्षा कमी आहे.

आपल्या नदीतच याचा नमुना आहे. फेरीबोटीतून चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत आणि नदी परिवहन खात्याचा तोटा किती, म्हणून दिवाडी बेटावरचा माणूस कधी भांडत नाही, कारण फेरी रोज येते. जुलै २०२५ पासून रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो फेरी, म्हणजे गाड्या थेट चढतात-उतरतात अशी बोट, सुरू झाली. बोट गोव्यातल्याच यार्डाने बांधलेली, चालवायचं काम खासगी कंपनीकडे करारावर. सरकारने सेवा विकत घेतली, बोट आपोआप बांधली गेली. हाच विचार किनाऱ्याला लावून पाहा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत मुंबई-पणजी बोट होती. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ यायच्या, ‘बोट लागली’ म्हणजे काय हे आमच्या आज्यांना सांगावं लागत नसे. आज गोव्याचं सिमेंट, तांदूळ, लोखंड चोर्ला आणि अनमोड घाटातून ट्रकने येतं. सरकारी खरेदीतला ठरावीक माल पाच वर्षं छोट्या किनारी जहाजाने आणू, एवढा एक करार राज्य सरकारने केला तर जे जहाज लागेल ते झुआरीच्या काठावर बांधता येईल. त्याला राक्षसी गोदी लागत नाही. २०२५ च्या नव्या किनारी जहाजवाहतूक कायद्याचा फायदा गोव्याने घ्यायचा असेल तर तो असा घेता येईल.

एक अट मात्र प्रत्येक रुपयाला बांधलेली असावी. २००४ मध्ये टनेज कर आला तेव्हा सवलतीच्या बदल्यात कंपन्यांनी शिकाऊ अधिकाऱ्यांना जहाजावर जागा द्यायची, असं कायद्यातच लिहिलं गेलं. नव्या अर्थसाहाय्यातून जे जहाज पाण्यात जाईल त्यावर अशा किती जागा, त्यातल्या किती किनाऱ्यावरच्या पोरांना, हे करारात आकड्याने लिहून घ्यावं. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा सागरी प्रशिक्षण संस्थेतून पास होऊन वर्ष झालं. परीक्षा झाली, वैद्यकीय तपासणी झाली, समुद्रावरची मुदत भरल्याशिवाय पुढची परीक्षा नाही आणि जहाज मिळाल्याशिवाय मुदत नाही. मुंबईतले एजंट पैसे मागतात किंवा पुढच्या महिन्यात फोन करा म्हणतात. गेल्या रविवारी त्याने आपली सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोंदीची पुस्तिका, मला दाखवायला आणली. कोणत्या जहाजावर चढला, कुठे उतरला, याचे शिक्के त्या पुस्तिकेत पडतात. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या तारवटीची, म्हणजे जुन्या खलाशाची, पुस्तिका मी पाहिली आहे, रॉटरडॅम, सांतोस, योकोहामा, पानं फाटेपर्यंत शिक्के. या मुलाच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर फोटो होता आणि पुढची सगळी पानं कोरी.